तारा निघाल्या, पण कोपर उघडत नाही: मुलाच्या हाताच्या ऑपरेशननंतर घरी काय करायचं

ऑपरेशन नीट झालं, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, तीन-चार आठवड्यांनी तारा काढल्या. मग स्लॅब, म्हणजे हाताला बांधलेलं अर्धं प्लॅस्टर, सुटला आणि मुलाचा हात काटकोनातच राहिला. धड सरळ होत नाही, धड तोंडापर्यंत पोचत नाही. मी सोलापुरात लहान मुलांच्या फिजिओथेरपीचं काम करते, आणि बहुतेक आईवडील माझ्याकडे नेमके याच दिवसांत येतात. तोवर घरात दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, हाताला अजिबात हलवू देऊ नका. दुसरा म्हणतो, ओळखीत एक जण आहेत, तेल लावून हात ओढून मोकळा करतात, एकदा नेऊन तर बघू.

यातलं दुसरं कधीही करू नका. पहिलंही करू नका, पण दुसऱ्याने कायमचं नुकसान होऊ शकतं. लहान मुलाचं कोपर मूल स्वतः हलवेल तसतसं सुटत जातं. मोठ्या माणसाने जोर लावून ते सोडवायला घेतलं की बिघडतं.

कोणतं हाड मोडलं होतं, ते आधी नीट समजून घ्या

मुलांमध्ये कोपराजवळ सगळ्यात जास्त मोडतं ते दंडाचं हाड, कोपराच्या जरा वर. डॉक्टर त्याला सुप्राकॉन्डिलर फ्रॅक्चर म्हणतात. वय साधारण पाच ते सात, आणि बहुतेकदा डावा हात. मूल पडताना हात पुढे टेकवतं, कोपर ताणलं जातं आणि हाड तिथल्या पातळ भागात मोडतं. हाड फार सरकलं असेल तर भूल देऊन ते बाहेरूनच जागेवर बसवतात आणि कातडीतून दोन-तीन बारीक तारा घालतात. यांना के-वायर म्हणतात. पुढचं बहुतेक विवेचन याच मोडीबद्दल आहे.

तुमच्या कागदांवर लॅटरल कॉन्डाइल लिहिलं असेल तर गणित थोडं वेगळं. ती मोड सांध्याच्या आत जाते, हाड जुळायला जास्त वेळ घेतं, प्लॅस्टर चार ते सहा आठवडे राहू शकतं, म्हणून हालचालही उशिरा येते. पुढे कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक उंचवटा दिसू शकतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. मनगट आणि कोपराच्या मधली दोन्ही हाडं मोडून आत लवचिक सळया घातल्या असतील, तर कोपर वाकण्यापेक्षा तळहात वर-खाली फिरवण्याची अडचण जास्त येते. डिस्चार्ज कार्डवर मोडीचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि ऑपरेशन हाड उघडून केलं की न उघडता, या तीन गोष्टी असायला हव्यात. नसतील तर पुढच्या भेटीत लिहून मागा. पुढच्या प्रत्येक पायरीचे आठवडे ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचे आहेत.

पायरी पहिली: स्लॅबमधले दिवस

पहिल्या दोन-तीन दिवसांत कोपराच्या हालचालीचा विचारही करू नका. लक्ष बोटांवर ठेवा. हात उशीवर हृदयापेक्षा उंच ठेवा आणि मुलाला दर तासाला बोटं उघड-मीट करायला लावा. बोटं पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, बधिर झाली, तर थांबू नका. औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, किंवा बोटं हळूच सरळ केली तरी मूल किंचाळलं, तरीही थांबू नका. आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा दाबला गेला असेल तर हातात काही तासच असतात. लहान मुलाला ही वेदना सांगता येत नाही. ते नुसतं अस्वस्थ होतं, घाबरतं, सारखं रडतं, पुन्हा पुन्हा दुखण्याचं औषध मागतं. करमाळा, अक्कलकोट, सांगोला, कुठेही असा, सोलापूरला पोचेपर्यंत वाट बघू नका. जवळच्या दवाखान्यात पट्टी आणि स्लॅब आतल्या कापसापर्यंत सैल करून घ्या, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावा आणि मग निघा. रात्री सोलापूर शहरात असाल तर सरळ ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.

नसा, म्हणजे मज्जातंतू, ठीक आहेत का, हे बघायला दगड-कागद-कात्री हा खेळ फार उपयोगी आहे. मूठ वळणं म्हणजे दगड, पंजा उघडणं म्हणजे कागद, दोन बोटं फाकवणं म्हणजे कात्री. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगा. या चार खुणांत हाताच्या मुख्य नसा तपासून होतात. या मोडीत गोल न जमणं हे नसेच्या दुखापतीचं नेहमी दिसणारं लक्षण आहे. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण घाबरून जाऊ नका. मोडीच्या वेळी दुखावलेल्या नसा बहुतेक मुलांत काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात.

पुढचे तीन आठवडे खांदा आणि बोटं हलती ठेवा. दिवसातून दोन-तीनदा स्लॅबसकट हात खांद्यातून वर उचलायचा आणि खाली आणायचा, एवढं पुरे. सोलापूरचा उन्हाळा असेल तर आत घाम येतो, खाज सुटते आणि मूल मोजपट्टी किंवा विणायची सुई आत घालतं. ते होऊ देऊ नका. पंख्याची हवा आत जाऊ द्या, बाहेरून हलकेच टकटक करा. पावडर आत टाकू नका. अंघोळीच्या वेळी पिशवी बांधली तरी पाणी शिरतंच, म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसणं बरं. स्लॅबमधून घाण वास येऊ लागला, पू दिसला किंवा ताप भरला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

पायरी दुसरी: तारा काढायचा दिवस

कातडीबाहेर टोक असलेल्या तारा साधारण तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच, भूल न देता काढतात. मुलाला "काहीच होणार नाही" असं सांगू नका. "थोडं ओढल्यासारखं होईल, चटकन संपेल," असं सांगा. एकदा खोटं पडलं की ते मूल पुढचे कित्येक आठवडे कुणालाही हाताला हात लावू देत नाही. तो अविश्वास कोपरापेक्षा हट्टी निघतो.

हात बाहेर आल्यावर बारीक झालेला, कोरड्या सालपटांनी भरलेला दिसेल, कदाचित दुसऱ्या हातापेक्षा जास्त लव असलेलाही. हे सगळं निवळतं. तारांची छिद्रं दोन-तीन दिवस कोरडी ठेवा. ती भरली की कोमट पाणी आणि साधा साबण. सालपटं खरवडू नका. त्वचेला खोबरेल तेल लावायला हरकत नाही, फक्त क्रीम लावतो तितक्या हलक्या हाताने. सांध्यावर रगडायचं नाही.

पायरी तिसरी: चौथा ते आठवा आठवडा

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण चुका सगळ्यात जास्त याच महिन्यात होतात.

कोपर अडकतं कशामुळे? कोपरात एक सांधा नसतो, तीन सांधे एकाच पातळ आवरणात बसलेले असतात. मोडीच्या वेळी आत रक्त साचतं, आवरण जाड होतं, कोपराच्या पुढचा स्नायू थोडा फाटलेला असतो. धुऊन उन्हात वाळलेला जाड टॉवेल कडक होतो आणि वापरात आला की मऊ पडतो, तसं हे आवरण वापरानेच मऊ पडतं. शिवाय भीती असते. मूल हात चोरतं, स्नायू आवळून धरतं. सुरुवातीच्या अडकण्यात या आवळण्याचा वाटा मोठा असतो.

आता कुणी तो हात धरून ओढला तर काय होतं? फाटलेला स्नायू पुन्हा फाटतो, पुन्हा रक्त येतं, आणि अशा रक्तात शरीर कधीकधी हाडच तयार करतं. स्नायूच्या आत हाड. मग कोपर खरोखरच अडकतं आणि व्यायामाने सुटत नाही. मालीश आणि ओढाओढ करून आलेल्या कोपरांत हे दिसतं. चार आठवड्यांत आलेली हालचाल नंतर अचानक कमी होऊ लागते, कोपराच्या पुढे गरम, कडक गाठ लागते. आजी मायेने म्हणते, "थोडं ओढ की गं, रडू दे, नंतर बरं होईल." तिच्या मायेत खोट नाही, पण हात तिच्या हाती देऊ नका. हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली किंवा वजनाची पिशवी धरायला लावणं हाही तसलाच प्रकार. वजन आलं की मूल स्नायू आवळतं आणि कोपर सरळ होण्याऐवजी वाकतं.

मग करायचं काय? दिवसातून चार-पाच वेळा, पाच ते दहा मिनिटं, खेळ म्हणून. हालचाल मुलाची, आपण फक्त निमित्त द्यायचं.

अंघोळीपासून सुरुवात करा. छिद्रं भरल्यावर टबात किंवा रुंद बादलीत कोमट पाणी घ्या, आपल्या हाताने उष्णता तपासा आणि मुलाला हात बुडवून मगने पाणी भरू-ओतू द्या. पाण्यात हाताचं वजन कमी वाटतं, भीती उतरते. पहिली मोकळी हालचाल बहुतेक मुलांना इथेच सापडते.

वाकवण्यासाठी वेगळा व्यायाम लागत नाही, जेवण पुरतं. दुखऱ्या हातात भाकरीचा तुकडा द्या. आधी हनुवटीपर्यंत, मग तोंडापर्यंत, मग कानाला हात, मग खांद्याला अंगठा. उजवा हात मोडलेला असेल तर भरवणं बंद करा. हे आईला जड जातं, मला माहीत आहे, पण शेंगाचटणी-भाकरीचे दहा घास स्वतःच्या हाताने खाल्ले की व्यायामाची एक पाळी झाली. केस विंचरणं, तोंड धुणं, शर्टाचं वरचं बटण लावणं हेही त्यातच धरा.

सरळ करण्यासाठी मुलाला पाठीवर झोपवा, दंडाखाली टॉवेलची घडी ठेवा, तळहात छताकडे. मग हात नुसता सैल सोडायला सांगा आणि दोन मिनिटं गोष्ट सांगा. हाताच्या स्वतःच्या वजनाने कोपर थोडं उघडतं. वरून दाबायचं नाही. दुसरा प्रकार टेबलावर किंवा फरशीवर: फडक्यावर तळहात ठेवून ते पुढे सरकवत लांब ठेवलेली वस्तू गाठायची, दर दोन दिवसांनी वस्तू बोटभर पुढे. भिंतीवर बोटांनी चालत वर जाणं, समोर बसून चेंडू घरंगळवणं, लांब हाताने रांगोळीचे ठिपके काढणं, सगळं चालतं. ज्वारीच्या पिठाचा छोटा गोळा देऊन भाकरी थापायला बसवा. थापताना कोपर किती वेळा उघडतं-मिटतं हे मुलाच्या लक्षातही येत नाही.

तळहात फिरवण्यासाठी कोपर कमरेला चिकटवून मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि ती डावीकडे-उजवीकडे झुकवायची. कोपर कमरेपासून सुटलं तर मूल खांद्यातून फसवतं, तेवढं लक्ष ठेवा. देवळात तीर्थ घेताना तळहात जसा वर करतो तसा करून त्यावर शेंगदाणे झेलायला लावा.

किती दुखलं तर थांबायचं? ताण जाणवणं ठीक आहे. व्यायामानंतरचा ठणका अर्ध्या तासात निवळला तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर सुजलेलं किंवा आदल्या दिवसापेक्षा जास्त अडकलेलं दिसलं तर दोन दिवस प्रमाण निम्मं करा. गळ्यातली झोळी घरात काढून ठेवा. शाळेत आणि गर्दीत पहिला आठवडाभर घातली तर चालेल, निदान समोरच्याला हात दुखरा आहे हे दिसतं.

रोज दवाखान्यात व्यायामाला न्यायलाच हवं का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी विड्या वळणाऱ्या आया हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे रोजच्या मजुरीचा हिशेब असतो. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाचंही तेच. म्हणून उत्तर स्पष्ट देते. न उघडता तारा घातलेल्या, नसेची किंवा रक्तवाहिनीची दुखापत नसलेल्या मुलाला रोजच्या फिजिओथेरपीची बहुधा गरज नसते. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच ते बारा वर्षांच्या 61 मुलांचे चिठ्ठ्या टाकतात तसे दोन गट केले. एका गटाला फिजिओथेरपीच्या सहा बैठका दिल्या, दुसऱ्याला काहीच नाही. फिजिओथेरपीने हाताच्या वापरात किंवा हालचालीत काही जास्तीचा फायदा झाला नाही. मी स्वतः याच व्यवसायात असूनही हे सांगते, कारण मजुरी बुडवून मिळणारं घरच्या खेळातूनही मिळत असेल तर ते घरातच मिळावं.

हाड उघडून ऑपरेशन झालं असेल तर थोडा फरक पडतो. 2005 च्या एका अभ्यासात अशा मुलांना फिजिओथेरपीने हालचाल लवकर आली, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारखेच होते. नस दुखावलेली असेल, मोड सांध्यात गेलेली असेल, मूल मोठं म्हणजे दहा-बाराच्या पुढचं असेल किंवा भीतीने हात अजिबात वापरत नसेल, तर मात्र फिजिओथेरपिस्टला जरूर दाखवा. तिथेही एक पाहा: मुलाचा हात धरून जोराने वाकवत असतील तर थांबवा आणि कारण विचारा.

पायरी चौथी: मोजायचं कसं, आणि किती दिवस लागतात

रोज मोजू नका. रोज मोजणाऱ्या घरात मूल हात लपवायला लागतं. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच बाजूने दोन फोटो काढा. पहिल्यात दोन्ही हात पुढे, तळहात वर, जमेल तितके सरळ. दुसऱ्यात दोन्ही अंगठे खांद्याकडे. तुलना नेहमी मुलाच्या दुसऱ्या हाताशी करा, भावाच्या किंवा तुमच्या हाताशी नाही. पुष्कळ मुलांचं चांगलं कोपर सरळ रेषेच्याही पाच-दहा अंश मागे जातं, म्हणून दुखरा हात सरळ दिसला तरी थोडं बाकी असू शकतं. वाकवणं मोजायला अंगठा आणि खांदा यांत किती बोटं मावतात ते लिहून ठेवा.

आता आकडे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तारा घातलेल्या, गुंतागुंत नसलेल्या मुलांचं कोपर दुसऱ्या हाताच्या तुलनेत सहा आठवड्यांना 72 टक्के, बारा आठवड्यांना 86 टक्के, सव्वीस आठवड्यांना 94 टक्के आणि 52 आठवड्यांना 98 टक्के हलत होतं. हे आकडे कागदावर लिहून घरात लावा, शेजारी विचारायला आले की कामाला येतात. बरीचशी हालचाल पहिल्या तीन महिन्यांत येते. शेवटचा थोडा भाग, आणि तो बहुधा सरळ करण्यातला, सहा महिने ते वर्ष घेतो. रोजच्या बहुतेक कामांना तीस ते एकशेतीस अंशांची हालचाल पुरते, म्हणजे तो शेवटचा भाग यायच्या आधीच मूल सगळं करत असतं.

पायरी पाचवी: शाळा, खेळ आणि घरकाम

शाळेत तारा निघायच्या आधीही जाता येतं. बाकावर दुखरा हात भिंतीच्या बाजूला येईल अशी जागा मागा, दप्तर दुसऱ्या खांद्यावर. सायकल, झाड, कबड्डी, खो-खो मात्र साधारण तीन महिन्यांपर्यंत आणि डॉक्टरांनी एक्स-रे बघून परवानगी देईपर्यंत बंद. जुळू लागलेलं हाड तोवर पुन्हा पडणं सोसण्याइतकं मजबूत नसतं. जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं असेल तर न्या, गर्दीत चांगला हात तुम्ही धरा, आणि पाळण्यांचा हट्ट त्या वर्षी पुरवू नका. दुखऱ्या हाताला धरून मुलाला उठवू नका, गाडीवर ओढून घेऊ नका.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या वेळेला घरातलं लहान मूलही कळशी उचलतं. तीन महिने ते काम भावंडांकडे. ओला टॉवेल पिळणंही तोवर नको.

खाण्यात हाडासाठी महागडी पावडर लागत नाही. भाकरी, डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे आणि सकाळचं ऊन.

कधी वाट बघायची नाही

आलेली हालचाल मागे जाऊ लागली, कोपराच्या पुढे कडक गाठ लागली, दोन महिन्यांच्या फोटोंत काहीच फरक दिसला नाही, किंवा एका दिशेला हाड हाडावर आपटल्यासारखं टणक अडतं, तर एक्स-रे काढून घ्या. बोटांत मुंग्या येत असतील तर तेव्हाही. वाकवणं अडत असेल तर कधीकधी हाड थोडं मागे झुकून जुळलेलं असतं. लहान मुलात वाढीबरोबर त्यातलं काही सुधारतं.

हात सरळ केल्यावर कोपर बाहेर आणि मनगट आत वळलेलं दिसत असेल, तर तो हालचालीचा प्रश्न नव्हे, हाड तिरकं जुळल्याचा आहे. तो व्यायामाने, पट्ट्याने किंवा मालिशीने सुधारत नाही आणि वाढीनेही जात नाही, कारण दंडाच्या हाडाची साधारण 80 टक्के वाढ खांद्याच्या टोकाला होते, कोपराकडे फक्त 20 टक्के. त्यावर ऑपरेशन करायचं का आणि कधी, हे घाईशिवाय ठरवता येतं.

नुसतं अडकलेलं कोपर मोकळं करायचं ऑपरेशन मुलांत क्वचितच लागतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत कुणी त्याचा किंवा भूल देऊन हात वाकवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या. जाताना मोडीच्या दिवसाचा, ऑपरेशननंतरचा आणि ताजा असे तिन्ही एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि पंधरवड्यांचे फोटो तारखेच्या क्रमाने लावून न्या. मुलालाही सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर स्वतःहून हात हलवायला लावा.